वाड्यासमोरची ती मोटार कोणती? जुन्या फोटोतली गाडी ओळखण्याची रीत

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत एक फोटो हमखास निघतो. वाड्याचा दिंडी दरवाजा, पुढ्यात मोटार, फूटबोर्डावर एक पाय ठेवून उभे राहिलेले पणजोबा आणि मागच्या सीटवर कोंबलेली चार पोरं. फोटोच्या मागे काही लिहिलेलं नसतं. घरातलं कोणीतरी ठासून सांगतं, ‘रोल्स रॉइस होती, संस्थानिकांकडून घेतलेली.’ मग तो फोटो गाडीवेड्या मंडळींच्या हाती लागतो आणि फोर्ड, शेवरले, ओव्हरलँड, डॉज अशी नावं सुटायला लागतात. ज्याचा आवाज मोठा त्याची गाडी.

हा वाद रीतसर सुटतो, पण ‘गाडी कोणती?’ हा प्रश्न शेवटी घ्यायचा. आधी ठरवायचं ते असं: ही गाडी कोणत्या सालाआधीची असूच शकत नाही? आणि कोणत्या सालानंतर अशी गाडी निघणं बंद झालं? ही दोन टोकं बांधली की निम्मी नावं आपोआप गळतात.

शिवाय एका फोटोत सालं तीन असतात. गाडी कारखान्यातून निघाली ते, फोटो काढला ते आणि तुमच्या हातातली प्रत छापली ते. आपल्याकडे मोटारी वीस-पंचवीस वर्षं सहज चालवल्या जायच्या, तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे जायच्या आणि शेवटी मागचा भाग कापून मालाच्या गाड्या व्हायच्या. त्यामुळे ‘फोटो १९५० चा, म्हणजे गाडी १९५० ची’ हा हिशेब चुकतोच. कागदावर तीन वेगळे रकाने आखा आणि कोणता पुरावा कोणत्या रकान्यात जातो ते बघत जा.

आधी फोटो नीट हाताळा

व्हॉट्सॲपवर आलेल्या प्रतीवर डोकं खपवू नका. मूळ फोटो मागून घ्या. पोस्टकार्डाएवढा असेल तर ६०० डीपीआयवर, त्याहून लहान असेल तर १२०० वर स्कॅन करा आणि फाइल टिफमध्ये ठेवा. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी फोटो सपाट ठेवून मोबाइल बरोबर समांतर धरा. फ्लॅश बंद. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढायचा नाही, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकटच फोटो घ्या.

सांगलीकरांसाठी एक वेगळी सूचना. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात हरभट रोडपासून पार आतल्या गल्ल्यांपर्यंत घराघरांतले अल्बम भिजले. असं परत कधी झालं तर एकमेकांना चिकटलेले ओले फोटो सुटे करण्याची घाई करू नका. स्वच्छ पाण्यात ठेवा, आपले आपण सुटू द्या, मग टीपकागदावर चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवा. लगेच वेळ नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवले तरी चालतात. एकदा ढिगातच वाळले की वीट होते.

मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीतला आकडा, कागदाचा प्रकार, सगळं कामाचं आहे. कागदाला प्लॅस्टिकसारखा गुळगुळीतपणा असेल तर ती १९७० च्या आसपासची किंवा नंतरची प्रत आहे, मूळ फोटो कितीही जुना असो. शिक्क्यात ‘जि. दक्षिण सातारा’ असेल तर सोनंच. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. म्हणजे तो शिक्का त्या अकरा वर्षांतला, फार तर जुना शिक्का वापरणाऱ्या एखाद्या काटकसरी फोटोवाल्याने पुढे दोन-चार वर्षं ताणलेला.

आणि हो, फोटो ‘क्लिअर’ करून देणारी जी ॲप्स आली आहेत, त्यांना या कामात हात लावू देऊ नका. ती धूसर जागी आपल्या मनाने रेघा भरतात. जिथे नुसता डाग होता तिथे छान सुबक अक्षरं उमटतात आणि लोक त्या अक्षरांवरून भांडत बसतात. उजेड-अंधार कमीजास्त करा, मोठं करून बघा, बास.

फोटो उलटा नाही ना?

काचेची निगेटिव्ह उलटी ठेवून छापली की डावं-उजवं बदलतं. मग स्टिअरिंग डावीकडे दिसतं आणि ‘थेट अमेरिकेतून आणलेली गाडी’ अशी कथा तयार होते. पाटी किंवा नंबर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर माणसांकडे बघा. बाईची नथ आपल्याकडे डाव्या नाकपुडीत असते. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजव्या बाजूवर येते. घड्याळ बहुधा डाव्या मनगटावर. यातल्या दोन गोष्टी उलट्या दिसल्या तर फोटो फिरवून घ्या.

गाडी खरी आहे का, हेही एकदा बघून घ्यावं. जत्रेतल्या स्टुडिओंत फळीवर रंगवलेल्या मोटारी असायच्या, त्यामागे बसून लोक फोटो काढून घेत. चाकाखाली सावली नसेल आणि चाक नको तितकं गोल असेल तर समजून जा.

गाडीचं तोंड

ओळख पटते ती समोरून. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेडिएटर उघडाच असायचा आणि प्रत्येक कंपनीने त्याच्या चौकटीचा आकार स्वतःचा म्हणून जपलेला होता. फोटो हातभर लांब धरा, डोळे बारीक करा आणि फक्त त्या चौकटीची बाह्यरेषा कागदावर काढा. बाकी काही नको.

देवळाच्या दर्शनी भागासारखी, वर त्रिकोणी माथा आणि खाली सरळ उभ्या कडा असलेली चौकट रोल्स रॉइसची. तिच्यात गोलाई नसते. तुमच्या फोटोतली चौकट वर कमानीसारखी वळत असेल तर रोल्सचा विषय तिथेच संपला, घरच्यांना कितीही वाईट वाटो. बंदुकीच्या गोळीसारखं गोल, पुढे आलेलं पितळी तोंड म्हणजे १९२६ पर्यंतची मॉरिस. त्यानंतर मॉरिसचं तोंड चपटं झालं. बॉनेट पुढे उतरतं होत गेलंय आणि समोर रेडिएटरच नाही, अशी गाडी दिसली तर पहिल्या महायुद्धाच्या आगेमागेची रेनो. तिचा रेडिएटर इंजिनाच्या मागे असायचा. चौकटीच्या माथ्यावर पन्हाळी कोरल्यासारख्या उभ्या रेघा असतील तर डेमलर. तशाच लांब खाचा बॉनेटवरून मागे गेल्या असतील तर व्हॉक्सहॉल. चौकटीच्या वरच्या दोन्ही खांद्यांना बाक असलेली, रुंद आणि भारदस्त ती पॅकार्ड.

बिल्ला वाचता आला तर उत्तमच, पण अक्षरं न दिसताही आकार पुरतो. आडवा लंबगोल असेल तर फोर्ड, बो-टायसारखा असेल तर शेवरले (हा बिल्ला १९१३ पासूनचा), एकात एक गुंफलेले दोन त्रिकोण असतील तर डॉज, शिडाचं जहाज असेल तर प्लिमथ, एकावर एक दोन कोन असतील तर सिट्रोएन. रेडिएटरच्या टोपणावरची बाहुली मात्र पुरावा म्हणून धरू नका. ती बाजारात सुटी विकत मिळायची आणि हौशी मालक फोर्डवरही परी बसवायचे. टोपणावर गोल काचेचं यंत्र दिसलं तर तो पाण्याचं तापमान दाखवणारा मोटोमीटर. १९१२ नंतर आला आणि १९२० च्या दशकात घाटात चढणाऱ्या गाडीवर तो असणं शहाणपणाचं होतं.

संशयाची सुई आधी कुठे वळवायची, हेही सांगून टाकतो. रस्ते खराब, खेड्यात मेकॅनिक नाही, सुटे भाग मिळायला हवेत, या हिशेबाने आपल्या भागात अमेरिकन गाड्या सोयीच्या होत्या: उंच, दणकट आणि स्वस्त. फोर्डने १९२६ मध्ये मुंबईत भारतीय कंपनी काढली आणि उजव्या स्टिअरिंगच्या फोर्ड गाड्या कॅनडातून यायच्या. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला शेवरले जोडायला सुरुवात केली. तेव्हा सावकाराच्या, वकिलाच्या, डॉक्टरच्या दारातली गाडी फोर्ड किंवा शेवरले असण्याची शक्यता सर्वांत जास्त. ती नाही हे सिद्ध झाल्यावर पुढे जा. उलटं करू नका.

साल सांगणाऱ्या खुणा

दिव्यांपासून सुरुवात करा. मोठे पितळी दिवे, त्यांना जोडलेली रबरी नळी आणि फूटबोर्डावर कार्बाइडचं डबडं, म्हणजे ॲसिटिलीनचे दिवे. साधारण १९१५ च्या आधीची गाडी. कॅडिलॅकने १९१२ मध्ये विजेचा स्टार्टर आणला आणि त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत विजेचे दिवे सर्वत्र झाले. मडगार्डांच्या मध्ये आडव्या दांडीवर बसवलेले दिवे १९३० च्या दशकात हळूहळू मडगार्डांवर सरकले आणि दशक संपताना त्यांत बुडाले.

मग पुढची चाकं. लाकडी आऱ्यांच्या मागे ब्रेकचा ड्रम दिसतो का? पुढच्या चाकांना ब्रेक ही साधारण १९२४ नंतर रुळलेली गोष्ट आहे. शेवरलेला ते १९२८ च्या मॉडेलपासून आले. फोर्डच्या मॉडेल टीला शेवटपर्यंत पुढे ब्रेक नव्हते. डिसेंबर १९२७ मध्ये आलेल्या मॉडेल एला होते. नुसत्या या एका खुणेवर टी की ए हा वाद मिटतो. मॉडेल टीच्याच पोटात बघायचं तर रेडिएटरची चौकट पितळी असेल तर १९१६ पर्यंतची, काळी असेल तर १९१७ नंतरची आणि शेवटच्या १९२६-२७ च्या गाड्यांवर निकेलची चकचकीत.

टायर बारीक आणि चाक उंच असेल तर जुनी. १९२३-२४ पासून जाड, कमी हवेचे टायर आले आणि चाकं बुटकी होत गेली. टायर पांढुरका असेल तर आणखी मागे जा. रबरात काजळी मिसळून तो काळा करण्याची पद्धत १९१० च्या दशकात पसरली. मडगार्डच्या बाजू उघड्या, आतला चिखल दिसतोय, अशी गाडी १९३२ पर्यंतची. त्यानंतर बाजू खाली उतरून झाकल्या गेल्या. रेडिएटरवर जाळी चढली तीही त्याच सुमारास. फूटबोर्ड दुसऱ्या महायुद्धानंतर गेला. १९५० च्या दशकातली गुबगुबीत फियाट ११००, जिला आपल्याकडे सर्रास ‘डुक्कर फियाट’ म्हणायचे, तिला फूटबोर्ड नाही. बेबी हिंदुस्थान आणि १९५४ ची लँडमास्टर यांनाही नाही.

इथे एक नियम पाळा. दिवे, चाकं, हॉर्न, बंपर, टप आणि सीटा मालक बदलू शकतो. चासी (गाडीचा खालचा सांगाडा), रेडिएटर, बॉनेट, बॉनेटवरच्या हवेच्या खाचा आणि मडगार्डांचा आकार सहसा बदलत नाही. गाडीचं साल न बदलणाऱ्या भागांवरून काढा. बदलणाऱ्या भागांत जो सर्वांत नवा असेल त्यावरून फोटोचं साल काढा. १९२५ च्या गाडीवर १९३८ चे दिवे असतील तर फोटो १९३८ च्या आधीचा नाही, एवढं नक्की. बॉडीवर तर मुळीच विसंबू नका. नुसती चासी घेऊन वरची बॉडी स्थानिक सुताराकडून बांधून घेण्याची पद्धत सर्रास होती. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर धावली; त्याआधी गावोगाव चालणाऱ्या खासगी सर्व्हिस मोटारी बहुतेक अशाच, खाली अमेरिकन चासी आणि वर गावठी लाकूडकाम. मागे उभा पिंपासारखा डबा आणि जाड नळ्या दिसल्या तर तो कोळशाच्या गॅसचा संच, म्हणजे महायुद्धातल्या पेट्रोल टंचाईची वर्षं.

चाकाची फूटपट्टी

अगदी धूसर फोटोतही एक मोजमाप घेता येतं आणि ते आवाज चढवणाऱ्यांना गप्प करतं. गाडी बाजूने दिसत असेल तर पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यबिंदूंमधलं अंतर मोजा. मग चाकाची उंची मोजा. चाकाचा वरचा भाग मडगार्डाखाली लपलेला असतो, म्हणून मध्यबिंदूपासून जमिनीपर्यंत मोजून दुप्पट करा. पहिल्याला दुसऱ्याने भागा.

मॉडेल टीचा व्हीलबेस, म्हणजे हेच दोन चाकांमधलं अंतर, १०० इंच आणि चाक ३० इंच, म्हणजे भागाकार ३.३ च्या जवळ. ऑस्टिन सेव्हन ही चिमुकली गाडी ७५ इंचांची. तिचा भागाकार तीनच्या खाली येतो. रोल्सच्या मोठ्या फँटमचा व्हीलबेस १४३ इंचांच्या वर, तिथे उत्तर चार ओलांडून जातं. तुमचं उत्तर साडेतीन आलं तर गाडी फँटम नाही. मग पणजोबा काहीही म्हणोत.

गाडी तिरकी उभी असेल तर चाक लंबगोल दिसतं. त्या लंबगोलाची रुंदी भागिले उंची काढा. गाडीची लांबी फोटोत किती आखडली ते यावरून कळतं. मोजलेल्या व्हीलबेसला त्या आकड्याने भागलं की अंदाजे खरी लांबी. उदाहरणार्थ, चाक १० मिलिमीटर उंच आणि ७ रुंद, दोन चाकांमधलं अंतर २५ मिलिमीटर. २५ भागिले ०.७ म्हणजे जवळपास ३६, भागिले १० म्हणजे ३.६. पुढचं आणि मागचं चाक फोटोत कमीजास्त मोठं दिसत असेल तर दोन्हींची सरासरी घ्या. चूक दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, तेव्हा यावरून दशांशाचा कीस काढायचा नाही. मोठी, मधली की छोटी, एवढंच विचारायचं.

रंग

‘काळी गाडी’ हे फार फसवं आहे. १९३० च्या दशकापर्यंत वापरात असलेल्या बऱ्याच फिल्म आणि काचा तांबड्या रंगाला आंधळ्या होत्या. तांबडं त्यांत काळं उमटतं आणि निळं फिकट. खात्री करून घ्यायची असेल तर त्याच फोटोतलं कुंकू बघा. ते कोळशासारखं काळं असेल, महाबळेश्वरच्या तांबड्या मातीचा रस्ता डांबरी वाटत असेल आणि आभाळ पांढरंफटक असेल, तर ती ‘काळी’ गाडी लालभडक किंवा मरून असू शकते आणि ‘पांढरी’ गाडी निळी. फोर्डची टी मात्र १९१४ ते १९२५ काळीच मिळायची, तिथे डोकं चालवायला नको.

नंबर, गाव, माणसं

नंबरप्लेट अर्धी दिसली तरी चालते. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यानंतर मुंबई प्रांतात ‘बीएम’ने सुरू होणारे नंबर आले. महाराष्ट्र झाल्यावर ‘एमआर’, ‘एमएच’ अशी अक्षरं, आणि १९८९ पासून आजची पद्धत: सांगली एमएच १०, सातारा एमएच ११, कऱ्हाड एमएच ५०. संस्थानांचं खातं वेगळं. सातारा १८४८ नंतर खालसा होऊन इंग्रजांचा जिल्हा झाला होता, पण सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही १९४८ च्या मार्चपर्यंत संस्थानं होती आणि संस्थानं आपापले नंबर द्यायची. प्लेटवर संस्थानाचं नाव दिसलं तर फोटो बहुधा विलीनीकरणाआधीचा. आणि कागदपत्रं कुठे शोधायची तेही त्यावरून ठरतं: औंधच्या हद्दीतल्या किर्लोस्करवाडीची गाडी साताऱ्याच्या जुन्या दप्तरात सापडणार नाही.

गावाच्या खुणा सगळ्यांना दिसतात, म्हणून त्यांवर फार बोलत नाही. मागे कृष्णेवरचा आयर्विन पूल असेल तर फोटो १९२९ च्या आधीचा नाही. कोणाच्या डोक्यावर गांधी टोपी असेल तर १९२० च्या आधीचा नाही. पगडी मात्र काही सिद्ध करत नाही. हट्टी माणसं ती मरेपर्यंत घालत.

पाचगणी-महाबळेश्वरच्या फोटोंत आणखी एक खबरदारी. तिथे हंगामात भाड्याच्या आणि पाहुण्यांच्या गाड्या खूप. फोटोतला माणूस गाडीला टेकलाय म्हणून गाडी त्याची, असं धरू नका. स्टिअरिंगवर कोण बसलंय, त्याचे कपडे कसे आहेत आणि बाकीचे त्याच्यापासून किती लांब उभे आहेत, ते बघा.

म्हाताऱ्या माणसांना काय विचारायचं

‘आजोबा, कोणती गाडी होती?’ असं विचारलं की ‘फोर्ड’ किंवा ‘रोल्स’ यातलं एक उत्तर येतं. त्याऐवजी गाडीचं वागणं विचारा. हँडल कोण मारायचं? पायाशी किती पेडल होती? पेट्रोल कुठून ओतायचे? आत बसल्यावर वाकून बघावं लागायचं की समोर काच होती? घाटात काय करायचे?

‘पसरणीचा घाट गाडी उलटी चढवायचो’ असं कोणी सांगितलं तर हसू नका. मॉडेल टीला पेट्रोलचा पंप नव्हता. बहुतेक वर्षं टाकी सीटखाली असायची आणि पेट्रोल आपल्या वजनाने उतरायचं. तीव्र चढाला टाकीत पेट्रोल कमी असेल तर इंजिन वर आणि टाकी खाली होऊन गाडी बंद पडायची. शिवाय रिव्हर्स हा तिचा सर्वांत ताकदीचा गिअर. म्हणून ड्रायव्हर गाडी वळवून पाठमोरी चढवायचे. त्या एका वाक्यात गाडीचं नाव मिळतं. तसंच ‘ॲक्सिलरेटर पायात नव्हता, हाताने द्यायचा’ हेही टीचंच लक्षण. तिच्या तीन पेडलांत एक रिव्हर्सचं होतं.

एक फोटो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

मिरजेजवळच्या एका वाड्यातला फोटो आमच्या मंडळींसमोर आला तेव्हा घरचं म्हणणं अर्थातच रोल्स. आम्ही आधी प्रत्येकाला आपापला अंदाज चिठ्ठीवर लिहायला लावलं. हे जरूर करा, नाहीतर पहिल्याने नाव घेतलं की बाकीच्यांना तेच दिसायला लागतं. चिठ्ठ्यांत शेवरले जास्त निघाल्या.

गाडी उघडी, टपाची, तिरकी उभी. उजवं स्टिअरिंग, डावीकडच्या बाईची नथ तिच्या डाव्या नाकपुडीत, म्हणजे फोटो सुलटा. रेडिएटरची चौकट वर वळणदार, त्यामुळे रोल्स बाद. पुढच्या चाकांत ड्रम, त्यामुळे मॉडेल टी बाद. मडगार्डांच्या बाजू उघड्या, त्यामुळे १९३२ च्या पुढे जायला नको. तारांच्या आऱ्यांची चाकं, पुढे दोन सपाट पट्ट्यांचा बंपर. भागाकार ३.६. मग शेवरले की फोर्ड?

उत्तर समोरच होतं, सगळे रेडिएटरकडे बघत होते म्हणून दिसलं नाही. काचेच्या पुढे, बॉनेट संपतं तिथे मधोमध एक गोल टोपण चमकत होतं. ते पेट्रोलचं. मॉडेल ए फोर्डची टाकी डॅशबोर्डाच्या पुढे असते आणि पेट्रोल तिथूनच ओततात. त्या वर्षांतल्या शेवरलेची टाकी मागे. आता साल. १९२८-२९ च्या एमध्ये बॉनेट आणि काचेच्या मधला पत्रा वेगळा, बाक घेऊन बसल्यासारखा दिसतो आणि चाकं २१ इंची रिमची. १९३०-३१ मध्ये बॉनेटची रेघ काचेपर्यंत सरळ जाते, रेडिएटर उंच होतो आणि रिम १९ इंची. आमच्या फोटोत रेघ सरळ होती, चाकं बुटकी होती. १९३१ च्या चौकटीवर माथ्याशी रंगवलेली पट्टी असते, पण नेमक्या त्याच जागी एका गृहस्थांनी हात ठेवलेला. तेव्हा १९३० की १९३१ ते सोडून दिलं.

नंबरची पहिली दोन अक्षरं बीएम. मागे दक्षिण साताऱ्याचा शिक्का, कागद जुना, कडा दातेरी. फोटो साधारण १९४९ ते १९६० मधला, म्हणजे गाडी तेव्हा वीस-तीस वर्षांची होती आणि चालू होती. घरचे थोडे हिरमुसले. माझ्या मते मात्र रोल्सपेक्षा ही गोष्ट भारी आहे.

नोंद कशी ठेवायची

फोटोवर पेनने लिहायचं नाही. मागे मऊ पेन्सिलीने नुसता क्रमांक टाका आणि बाकीचं वहीत किंवा फाइलच्या नावाशी. जे दिसतं ते आधी, अनुमान नंतर, आणि प्रत्येक अनुमानापुढे कारण. वरच्या फोटोची नोंद अशी होईल: ‘फोर्ड मॉडेल ए, टपाची, १९३०-३१ (पेट्रोलचं टोपण काचेपुढे, सरळ बॉनेटरेषा, १९ इंची रिम). फोटो: अंदाजे १९४९-६० (मागचा शिक्का, नंबर बीएम, म्हणजे १९३९ नंतरचा). मालक: घरच्यांच्या सांगण्यावरून, कागद नाही.’ उद्या दुसऱ्या कोणी यातलं एक कारण खोडलं तरी बाकीची जागच्या जागी राहतात.

गाडी अजून गोठ्यात किंवा शेडमध्ये असेल, तर इंजिन नंबर आणि चासी नंबर घासून वाचा. फोटोवरून काढलेलं साल तिथे तपासून मिळेल. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ येतं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. मूळ रूपाची अट असल्यामुळे अर्ज भरण्याआधी जुना फोटो गाडीशेजारी धरून दिवे, बंपर, चाकं आणि मडगार्ड एकेक करून जुळवून बघा. जे जुळणार नाही त्याची यादी हातात असली की सुटे भाग शोधायला कुठून सुरुवात करायची ते ठरवता येतं.